ओट्यावर राहिलेल्या चपला

डोळे मिटा बरं थोडा वेळ. आता मनातल्या मनात एक रस्ता काढा. फार रुंद नको. दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला कडेला उतरावं लागेल, एवढाच. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या. दिवाळी नुकतीच होऊन गेली आहे, त्यामुळे काही बांध्यांत कापलेला धान आडवा पडला आहे आणि काहींत अजून उभा आहे. पलीकडे तलावाची पाळ दिसते. काढला रस्ता? आता त्याच्यावर एक गाडी ठेवा. लांब नाकाची, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी, दोनच दारांची, पिकल्या जांभळाच्या रंगाची. अशी चकचकीत, की तिच्या दारात आभाळातले बगळे उडताना दिसावेत.

आता काचेतून आत डोकावा. आत एकच माणूस आहे. रस्त्यानं चालणारी माणसं गाडी पाहून बाजूला होतात, डोक्यावरचा भारा सावरतात आणि ती निघून जाईपर्यंत उभी राहतात. आतला माणूस एकेकाच्या तोंडाकडे पाहतो. त्याला एवढंच हवं आहे, की त्यांच्यातल्या कुणीतरी हात वर करावा आणि म्हणावं, थांब.

या माणसाचं नाव खुशाल. साकोली तालुक्यातल्या एकोडीचा. पन्नाशी ओलांडलेला, पोट थोडं सुटलेलं, हसला की डोळे बारीक होणारा. गावात त्याची धान भरडायची गिरणी आणि साकोलीला तांदळाचं दुकान. रोज सकाळी नऊला तो एकोडीहून साकोलीला निघे. अठरा वर्षं तो जुन्या जीपनं गेला. तिचं एक दार दोरीनं बांधलेलं होतं, मागचा पडदा फाटलेला होता आणि तिची खडखड तलावापलीकडच्या माणसालाही ऐकू येई.

त्या दिवसांत खुशालला माणसं शोधावी लागत नसत. गावाच्या तोंडाशी एक हातपंप आहे. गावात त्याला बोरिंग म्हणतात. ज्याला साकोलीला जायचं असे, तो पहाटेच आपली पिशवी बोरिंगच्या ओट्यावर ठेवून जाई आणि पुन्हा कामाला लागे. कुणी म्हशी सोडायला जाई, कुणी सैपाक उरकायला. ओट्यावर पिशव्यांची रांग लागे. पट्ट्यापट्ट्यांची, खताच्या पोत्याची शिवलेली, लग्नात मिळालेली, नावं छापलेली. जीपची खडखड ऐकू आली की पिशव्यांचे धनी चारी बाजूंनी धावत येत. खुशाल लांबूनच पिशव्या मोजत येई.

"आज अकरा! परसराम, तू मागं लटक बे!"

"रोज मीच काहून लटकू बे?"

"तुझी पिशवी शेवटली हाये म्हणून!"

सगळ्यात मागे, लोखंडी दांडी धरून, टीना उभी असे. मंगेशची मुलगी, सोमाजीची नात, पाचवीतली. तिची शाळा साकोलीला होती. जीप हलली की ती पत्र्यावर थाप मारून ओरडे, "साकोली, साकोली, साकोली!" गाडी कुठे चालली हे गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं, पण टीना ओरडली नाही तर खुशालला गाडी सुरू झाल्यासारखी वाटत नसे.

जीपमध्ये एवढा आवाज होता की बोलायचं म्हणजे ओरडावंच लागे. आणि ओरडून बोललेलं सगळ्यांना ऐकू जाई. म्हणून कुणाची गाय व्याली, कुणाच्या सुनेनं सासूला काय सुनावलं, कुणाच्या बांधीत पाणी शिरलं, ते साकोली येईपर्यंत अकराच्या अकरा जणांना माहीत झालेलं असे. खुशालची बायको निर्मलाबाई रात्री जेवताना विचारी, "आज कोन कोन होतं जी गाडीत?" की खुशाल एकेकाच्या आवाजात सगळा प्रवास सांगे आणि निर्मलाबाई हसता हसता ताटावरून उठे.

या दसऱ्याला निर्मलाबाई पुण्याला गेली. मुलाकडे, धनंजयकडे, नवं बाळ आलं होतं. सहा महिने तिकडेच राहायचं ठरलं. घर एकदम शांत झालं. धनंजय फोनवर म्हणाला, "बाबा, ती जीप आता विकून टाका. कंबर मोडून घेताय. चांगली गाडी घ्या आणि पुण्याला आईला न्यायला गाडीनंच या."

खुशालला ते पटलं. नागपूरच्या दुकानातला तरुण मुलगा तर फारच गोड बोलत होता. त्यानं दार उघडून दाखवलं, खुर्ची मागे सरकवून दाखवली. "काका, ही लांबच्या प्रवासाचीच गाडी. ग्रँड टूरिंग म्हणतात हिला. सकाळी निघा, दिवसभर चालवा, उतराल तेव्हा अंग मोडलेलं नसेल." खुशालच्या डोळ्यांसमोर शेजारच्या खुर्चीवर बसलेली निर्मलाबाई आली. मागे दोन छोट्या खुर्च्या होत्या, त्यांवर पाय ठेवायला जागा शोधावी लागे. पण तेव्हा त्याच्या ते मनातही आलं नाही.

जीप नाकाडोंगरीच्या टेकचंदनं नेली. जाताना ती खडखडत गेली आणि खुशाल गिरणीच्या दारात तिचा आवाज बंद होईपर्यंत उभा राहिला.

नवी गाडी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी बोरिंगच्या ओट्यावर तीन पिशव्या होत्या. सोमाजीची, कलाबाईची आणि टीनाचं दप्तर. सोमाजी खुशालचा लहानपणापासूनचा सोबती, तलावात बरोबर पोहायला शिकलेला. कलाबाई साकोलीच्या बाजारात भाजी विकायची. गाडी आली ती आवाज न करताच. तिघेही दचकले.

"या ना जी! बघत काय राहिले?" खुशाल खाली उतरला. त्याच्या छातीत आनंद मावत नव्हता. आत पांढरीशुभ्र पायपुसणी अंथरली होती. ती बघून तो हसत हसत म्हणाला, "चपला बाहेर ठेवून या बरं! नवी नवरी हाये!"

सगळे हसले. खुशाल मागे बसायची वाट करायला पुढची खुर्ची वाकवत बसला. तिचा खटका त्याला सापडेना. त्या गडबडीत त्यानं मागे पाहिलंच नाही.

सोमाजी पुढे बसला. खुर्ची इतकी खाली होती की त्याचे गुडघे हनुवटीशी आले. कलाबाई आणि टीना मागे अंग चोरून बसल्या. काचा बंद झाल्या, थंड वारा सुटला. कलाबाईनं पदर कानावरून घेतला. गाडी चालू झाली आणि आवाज बंद झाला. बांध्या मागे पळत होत्या, पण सगळं मुक्यासारखं. टीनानं पत्र्यावर थाप मारायला हात उचलला. वर मऊ कापड होतं. तिनं हात खाली घेतला.

आता या गाडीत बारीक बोललेलंही सगळ्यांना ऐकू गेलं असतं. तरी कुणी बोललं नाही. सोमाजी एकदा खाकरला आणि आपण मोठ्यानं खाकरलो की काय म्हणून त्यानं इकडे तिकडे पाहिलं.

साकोलीला उतरताना सोमाजी म्हणाला, "मस्त हाये गाडी, खुशाल. लय मस्त." आणि रस्त्याच्या कडेला तसाच उभा राहिला. तो एखादं पाऊल पुढे टाकील म्हणून खुशाल पाहत होता. मागून ट्रकनं भोंगा वाजवला. खुशाल पुढे गेला.

दुपारी जेवायला तो घरी परतला तेव्हा बोरिंगच्या ओट्यावर तीन जोड्या चपला ओळीनं ठेवलेल्या होत्या. एक टायरच्या तळव्याची जुनी जोडी, एक हिरवी रबरी, एक लहान, गुलाबी पट्ट्याची. बोरिंगमागे कुणी आंघोळीला बसलं असेल, असं त्याला वाटलं. तो पुढे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ओटा रिकामा होता. तिसऱ्या दिवशीही. खुशालला वाटलं, कापणीचे दिवस आहेत, माणसं शेतात असतील. चौथ्या दिवशी त्यानं कलाबाईला भाजीची पाटी घेऊन एसटीची वाट बघताना पाहिलं. त्यानं गाडी हळू केली. कलाबाई पाटी उचलून झाडामागे सरकली. टीना आता मुलींच्या एसटीनं शाळेत जाऊ लागली होती. पाचव्या दिवशी परसराम सायकलवर दिसला. गाडी पाहून तो खाली उतरला आणि सायकल धरून कडेला उभा राहिला, जसं साहेब आल्यावर उभं राहतात तसं.

खुशालनं काच खाली केली. "बस ना बे परसराम! सायकल राहू दे गिरणीत."

"नोको जी. हातपाय मातीचे हायेत."

"मागच्या महिन्यात जीपमध्ये शेणखताची पाटी मांडीवर घेऊन बसला होता. तवा हातपाय सोन्याचे होते काय?"

परसराम हसला. "ते जीप होती जी."

आणि 'बे' म्हणणारा परसराम आपल्याला 'जी' म्हणाला, हे पुढच्या वळणावर खुशालच्या ध्यानात आलं.

गाडीत खोट काही नव्हती. ती चढावर दमत नव्हती, खड्ड्यात आपटत नव्हती. फक्त गावच्या गतिरोधकावर तिचं पोट खर्रकन घासे, तेवढाच काय तो तिचा आवाज. खुशाल मुद्दाम एकदा पार वरठीच्या स्टेशनापर्यंत जाऊन आला. लांबचा प्रवास करून बघू म्हणून. तिथल्या कारखान्याची पाळी सुटली होती. मोटारसायकलींवर दोघं दोघं, सायकलींवर डबलसीट, सगळे एकमेकांशी बोलत चालले होते. सिग्नलला त्याच्या काचेशी एक मोटारसायकल थांबली. मागचा पुढच्याला काहीतरी सांगत होता आणि दोघेही खो खो हसत होते. काय सांगत होता ते खुशालला ऐकू आलं नाही. त्यानं काच खाली करेपर्यंत ते गेले.

संध्याकाळी निर्मलाबाईचा फोन आला. बाळानं आज काय केलं ते सांगून झालं आणि तिनं नेहमीचं विचारलं, "आज कोन कोन होतं जी गाडीत?"

खुशाल म्हणाला, "सोमाजी होता. कलाबाई होती."

"काय म्हणे कलाबाई?"

"काय म्हणन? वांग्याचंच सांगत होती."

"तिची सून आली का माहेरून?"

खुशालला माहीत नव्हतं. एकोडीत कुणाची सून आली, कुणाची गेली, त्याला गेल्या तीन आठवड्यांत काहीच माहीत नव्हतं. "आवाज कटून राहिला तुझा," तो म्हणाला. "उद्या बोलू." त्यानं फोन ठेवला. आवाज अगदी स्वच्छ येत होता. अठरा वर्षांत तो निर्मलाबाईशी पहिल्यांदाच गाडीवरून खोटं बोलला होता.

त्याच सुमारास टेकचंदनं जीपचा फोटो पाठवला. पुढे झेंडूचा हार, मागे दांडीला लटकलेली पोरं, आणि आत इतकी माणसं की चेहरे मोजता येत नव्हते. खाली लिहिलं होतं, 'तुमची जीप मजेत हाये.' खुशालनं फोटो मोठा करून बघितला. दार अजून त्याच्याच दोरीनं बांधलेलं होतं.

मग मंडईचा दिवस आला. दिवाळीनंतर आपल्या या भागात गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, दुकानं लागतात, दंडार नाचते, पोरांना पाळणा आणि जिलेबी मिळते. शेजारच्या गावच्या मंडईला एकोडीची पोरंबाळं दरवर्षी खुशालच्या जीपमधून जात, दोन फेऱ्यांत. या वर्षी खुशालनं सकाळीच गाडी धुतली. तीन फेऱ्या करू, चार करू, असा त्याचा हिशेब चालला होता. नवा शर्ट घालून तो फाटकाशी आला, तेवढ्यात मंगेशचा ट्रॅक्टर समोरून गेला. मागच्या ट्रॉलीत धानाच्या काड्यांची तणस अंथरलेली आणि तिच्यावर अर्धं गाव बसलेलं. पिपाण्या वाजत होत्या. कलाबाई ट्रॉलीच्या कडेला धरून ओरडली, "खुशालभाऊ, या मागून तुमच्या विमानात!"

ट्रॉलीतून हसू उसळलं. त्यात वाईट काही नव्हतं. खुशालनंही हात हलवला. धूळ खाली बसली तेव्हा रस्त्यावर कुणी नव्हतं.

जावं की नाही, याचा विचार करत तो बराच वेळ गाडीत बसून राहिला. मग निघाला. बोरिंगपाशी आला तर ओट्यावर टीना बसली होती, मांडीवर रिकामा डबा घेऊन. गाडी पाहताच ती उठली आणि मोठ्या माणसांसारखीच कडेच्या गवतात जाऊन उभी राहिली. खुशालला बाकी सगळ्यांचं सहन झालं होतं. हे झालं नाही. त्यानं गाडी थांबवून काच खाली केली.

"टीना! मंडईले नाही गेली?"

"आबाजीले डबा द्याले गेली होती खळ्यावर. तवर ट्रॉली गेली."

"आन आबाजी?"

"ते नाही येत. धान राखाले बसले हायेत. पाय दुखते त्यायचा."

"पायाले काय झालं?"

टीना डब्याचं झाकण उघडझाप करू लागली.

"बरं, चाल. बस. मी मंडईलेच जाऊन राहिलो."

टीनाचा चेहरा उजळला. ती धावत आली, दारापाशी थबकली, परत मागे गेली. तिनं पायातल्या चपला काढल्या आणि ओट्यावर जोडीनं ठेवल्या. घराबाहेर ठेवतो तशा, देवळाबाहेर ठेवतो तशा. गुलाबी पट्ट्याच्या चपला.

खुशाल त्या चपलांकडे पाहत राहिला.

"हे काय करून राहिली, बाप्पा?"

"चपला ठेवून राहिली."

"काहून?"

"तुमीच तर म्हटलं होतं ना, मोठेबाबा. चपला बाहेर ठेवून या म्हणून."

खुशालनं गाडी बंद केली. तेव्हा कुठे बाहेरचे आवाज आत आले. दूर कुठेतरी पिपाणी वाजत होती, तलावाकडून टिटवी ओरडत होती.

"मंग त्या दिवशी," तो हळू आवाजात म्हणाला, "तुमी तिघं साकोलीले... तसेच?"

"हाव. मी शाळेत दिवसभर बाकाखाली पाय लपवून बसली. बाईंनी फळ्याजवळ बोलावलं तर गेलीच नाही. कलाबाई बजारात पोत्यावरून उठलीच नाही संध्याकाळपर्यंत. आन आबाजी डांबरावरून चालत गेले एसटीपर्यंत. त्यायच्या टाचेत काच गेला. अजून पिकून हाये."

"मले काहून नाही सांगितलं कोनी?"

"आबाजी म्हणे, सांगू नोको. खुशालनं लय हौसेनं घेतली हाये, त्याले वाईट वाटन." टीनानं डबा दुसऱ्या हातात घेतला. "ते म्हणे, आपन एसटीनं जाऊ."

खुशाल खाली उतरला. त्यानं पुढचं पांढरं पायपुसणं ओढून काढलं, मागची दोन्ही काढली, गुंडाळून डिकीत टाकली आणि डिकी जोरात लावली. मग तो ओट्याशी गेला. गुलाबी चपला उचलून त्यानं टीनाच्या पायांपुढे ठेवल्या.

"घाल. अन तशीच बस."

टीनानं चपला घातल्या, पण ती बसली नाही. खुशाल आता तिच्याकडे बघत नव्हता. तीन बांध्यांपलीकडे खळं दिसत होतं. रचून ठेवलेल्या धानाच्या गंजीशी पाठ टेकून सोमाजी बसला होता. एक पाय पसरलेला, त्याच्याभोवती फडकं गुंडाळलेलं. तोंड दुसरीकडे. हाक मारली तर ऐकू जाईल इतकंच अंतर.

खुशालला हाक मारायची होती, पण काय म्हणायचं? दोघं पन्नास वर्षं एकमेकांना शिव्या देत आले होते. माफ कर, असं एकदाही म्हणायची वेळ आली नव्हती. तो शब्द कोणत्या आवाजात म्हणतात, हेही त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं खिडकीतून हात घालून भोंगा वाजवला. या गाडीचा भोंगाही मऊ होता. सोमाजीनं मान वळवली नाही. रस्त्यावर अशा मोठ्या लोकांच्या गाड्या जातच असतात, तशीच ही एक.

"नाही येनार तो," खुशाल म्हणाला. "आता कोनी नाही येनार, टीना. कसं बोलवायचं तेच मले समजत नाही."

टीनानं खळ्याकडे पाहिलं, मग मोठेबाबांकडे, मग त्या लांब जांभळ्या गाडीकडे. तिनं डबा ओट्यावर ठेवला. शेताच्या धुऱ्यावरचा चिखल लागलेल्या चपलांनिशी ती सरळ पुढच्या खुर्चीवर चढली, उभी राहिली आणि खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आली. एका हातानं तिनं छत धरलं, जीपची दांडी धरायची तसं. दुसऱ्या हातानं चकचकीत दारावर थाड थाड थापा मारल्या. आणि सगळा श्वास एकवटून ती खळ्याकडे तोंड करून ओरडली,

"मंडई, मंडई, मंडई! चला आबाजी, चपला घालून या! गाडी सुटून राहिली!"